चित्रातला हेर शोधा

दादाला दुकानात शिरायचा मनापासून कंटाळा. धाकटी बहीण सुई-दोरा घ्यायला आत गेली की तो बाहेर, पिशवी पायांशी ठेवून, वाट बघत उभा राहायचा. त्या संध्याकाळीही तो तसाच उभा होता. डावा हात पाठीमागून नेऊन उजवा कोपर धरलेला, मान जराशी पुढे आणि नजर रस्ता जिथे उताराला लागून बंदराकडे वळतो तिकडे. दुकानदार काळ्या दोऱ्याचं रीळ कागदात गुंडाळत होता. ती काचेतून सहज बाहेर बघत होती, तेवढ्यात आईचं बोट धरून चाललेली एक लहान मुलगी दादापाशी थबकली. मुलीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, पुढे होऊन त्याच्या बाहीला हात लावला आणि म्हणाली, "सापडला." दादा हसला. त्याला वाटलं, पोरीची लपाछपी चालली असेल. "बरं झालं, मग आता राज्य माझ्यावर," असं काहीतरी तो बोलला. मुलीची आई कसनुशी हसली, मुलांना ते मासिक वाचायला देऊच नये म्हणाली, आणि मुलीला ओढत पुढे निघाली. थोडं पुढे जाऊन त्या आईने मागे वळून पाहिलं. तिने दादाचा चेहरा बघितला नाही, कोपर बघितला. काय सापडलं ते आत काउंटरशी उभ्या असलेल्या बहिणीला ठाऊक होतं. ते तिनेच काढलं होतं.

'सागरध्वज' हे आरमार संघाचं मासिक, आणि ती त्या मासिकाची चित्रकार. ऑफिसात तिला सगळे नुसतं बाई म्हणत. संघ म्हणजे मुळात निवृत्त दर्यावर्दी, जहाजांचे मालक आणि या दोघांच्या शेजारी खुर्ची मिळावी म्हणून धडपडणारी बाकीची मंडळी. देशाला मोठं आरमार हवं, एवढं एकच त्यांचं म्हणणं, आणि ते म्हणणं ते दर महिन्याला जहाजांच्या लांबी-रुंदीसकट छापत. वाचायचं कोण, तर छापणारा आणि फार तर बांधणारा. मग आताचे संपादक आले. त्यांना सगळे कप्तान म्हणायचे. तोंडात पाइप, अंगात पितळी बटणांचा कोट, आणि खाडी ओलांडायच्या होडीत बसले तरी हिरवेनिळे पडणारे. पण माणसं ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आल्याबरोबर त्यांनी मुलांचं पान सुरू केलं आणि त्यात एक कोडं घातलं: चित्रातला हेर शोधा. बंदरावर गर्दी, नवं जहाज पाण्यात सोडलं जातंय, सगळ्यांच्या माना वर झेंड्याकडे. त्या गर्दीत एकच माणूस झेंड्याकडे बघत नाही. तो हेर. बाकी त्याच्यात काही खोट नको, असा कप्तानांचा दंडक होता. काळा चष्मा नको, वर ओढलेली कॉलर नको, चारचौघांसारखा माणूस हवा. उत्तर पुढच्या अंकात, तेच चित्र लहान करून, त्याच्याभोवती लाल वर्तुळ. पोरांनी ते पान डोक्यावर घेतलं. पोरांच्या मागून बाप आले, शाळा आल्या, क्लब आले. न्हाव्याच्या दुकानात पाळी येईपर्यंत लोक हेर शोधत बसू लागले. शेवटी ते मंत्र्यांपर्यंत पोचलं.

बंदर सुरक्षा विधेयक तेव्हा सभागृहात अडकून पडलं होतं. बंदराच्या आसपास राहणाऱ्या कुणालाही, कारण न सांगता, घरातून उचलता यावं असं ते विधेयक. सरकारातच त्यावरून दोन तट होते. त्या दिवशी आरमारमंत्री उभे राहिले ते हातात मुलांचं पान घेऊनच. आपल्या दुसरीतल्या पोरांना जो माणूस दिसतो तो आपल्या पोलिसांना का दिसत नाही, असं त्यांनी विचारलं. आधी हशा पिकला, मग टाळ्या पडल्या, आणि जे कुंपणावर बसले होते ते अलीकडे उतरले. कप्तानांनी ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला. बाईंमुळे आज हा दिवस दिसला असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. खोटं कशाला बोला, तिला फार बरं वाटलं होतं. इतकी वर्षं ती गलबतांची शिडं आणि नांगरांच्या साखळ्या काढत आली होती, कुणी कधी ढुंकून बघितलं नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन तिने दादाला सगळं रंगवून सांगितलं होतं. तोही खूश झाला होता. "बघ, आपली चिमी सरकार हलवते," असं तो म्हणाला होता.

आणि या महिन्याच्या अंकात तिने त्याला काढलं होतं. तशी ती नेहमीच आसपासची माणसं काढायची. मनाने काढलेली माणसं सगळी एकमेकांची भावंडं दिसतात, हे तिला फार पूर्वी कळलं होतं. म्हणून गल्लीतल्या एकाचं नाक, ऑफिसातल्या एकीची चाल, कुणाचं टक्कल, असं उचलून ती गर्दी भरायची, मिशा बदलायची, टोप्या बदलायची. दादा तर कितीदा येऊन गेला होता, कधी हमाल होऊन, कधी बँडवाला होऊन. ती आधी गर्दी काढायची आणि हेर शेवटी ठरवायची, कुणाची नजर फिरवली तर सोपं जाईल ते बघून. या वेळी गर्दी पुरी झाल्यावर तिने पाहिलं, तर नजर फिरवायची गरजच नव्हती. एक माणूस आधीपासूनच पाण्याकडे बघत होता. हात पाठीमागे, कोपर धरलेला. घाईचे दिवस होते, छापखान्यातून निरोपावर निरोप येत होते, तिने चित्र देऊन टाकलं. मिशी लावायचीसुद्धा राहिली. आता त्या दुकानातून घरी येताना, दादाच्या बरोबरीने चढ चढताना, तिला एकच गोष्ट टोचत होती. तिने ठरवलं नव्हतं, हे खरं. मग हाताने का ठरवलं?

बाबा असेच उभे राहायचे. बंदरावरच्या दुसऱ्या एका घराच्या गॅलरीत, हाच हात असाच मागे, आणि त्यांच्या पाठीमागे घर चाललेलं असायचं, आईचं बोलणं, भांड्यांचा आवाज, तिचं रडणं, आणि त्यातलं काही त्यांना ऐकू जात नसावं असं वाटायचं. मग एक दिवस गॅलरीत कुणी नव्हतं. बाबा बोटीने कामाला गेलेत, असं दादाने तिला सांगितलं. मिसरूडही नीट न फुटलेला पोरगा तो, पण दर वेळी ती विचारायची आणि दर वेळी तो न चुकता सांगायचा, बोटीने गेलेत, येतील, तुझ्यासाठी रंगाची पेटी आणणार आहेत. रंगाची पेटी आलीसुद्धा. ती दादाने आणली होती हे तिला मोठी झाल्यावर कळलं, आणि बाबा कुठेच कामाला गेलेले नव्हते हेही. तिला राग आला नव्हता, उलट त्याच्याबद्दल माया दाटून आली होती. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती आणि ती तिने कुणाला सांगितली नव्हती. दादा खोटं बोलतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही.

पुढे सगळं हळूहळू होत गेलं, आणि प्रत्येक गोष्टीला काही ना काही साधं कारण होतं. दूधवाला सकाळी दार न वाजवता बाटली ठेवून जायला लागला. खालच्या मालकीणबाई जिन्यात अडवून साखरेसारख्या आवाजात म्हणाल्या, तुमचे बंधू हल्ली रोज संध्याकाळी कुठे जातात हो, नाही, आपलं सहज विचारलं. दादा बंदराच्या गाळ उपसणाऱ्या खात्यात होता. होडीतून जायचं, वजन बांधलेला दोर पाण्यात सोडायचा आणि कुठे किती खोल आहे ते मोजायचं, हे त्याचं जन्मभराचं काम. एका सोमवारी साहेबांनी त्याला होडीवरून उतरवून टेबलाशी बसवलं. म्हाताऱ्याला सावलीत बसवलं म्हणून तोच घरी येऊन हसला, आणि जेवताना बराच वेळ आपल्या तळहाताकडे बघत राहिला. मग दोन माणसं आली. फार सभ्य माणसं, पायपुसण्याला बूट नीट पुसून आत आली. रोज धक्क्यावर काय करता, कुणी भेटतं का, पाण्याची खोली बाहेर कुणी विचारतं का, असं विचारून त्यांनी चहा घेतला. जाताना त्यातला एक म्हणाला की सध्या एवढंच, विधेयक मंजूर झालं की परत येऊ. तो हे इतक्या नम्रपणे बोलला की दादाने, अवश्य या, असं म्हणून टाकलं. तिला दार लावताना कडी सापडेना. विधेयकावर मतदान पुढच्या अंकानंतर होतं. पुढच्या अंकात लाल वर्तुळ होतं. ते दादाभोवती पडलं की त्या माणसांना विचारायलाही काही उरणार नव्हतं, आणि वर्तुळ काढणारी ती होती.

तरी तिला त्या दिवसांत सर्वांत जास्त भीती कशाची वाटत असेल, तर स्वतःच्या डोळ्यांची. ती दादाकडे बघायला लागली होती. आयुष्यभर त्याला बघतच आली होती, पण हे बघणं वेगळं होतं. तो दाढी करताना खिडकी का उघडी ठेवतो. वर्तमानपत्रातला कोपरा फाडलेला का आहे. परवा तो उशिरा आला तेव्हा बूट ओले का होते. त्याचा कोट तिने उन्हात टाकायच्या निमित्ताने झटकला, खिसे उलटे केले, त्यात पेन्सिलीचा तुकडा आणि पावाचा चुरा निघाला, आणि तिला हायसं वाटायच्या ऐवजी वाटलं, एवढंच कसं? एका संध्याकाळी ती त्याच्या मागोमाग गेली. धक्क्यावर रिकाम्या पेट्यांची चळत होती, तिच्याआड उभी राहिली. दादा टोकाला जाऊन उभा राहिला, तसाच, चित्रातल्यासारखा. कुणी आलं नाही. त्याने काही काढलं नाही, काही टाकलं नाही, कुणाला खूण केली नाही. पाणी काळं पडेपर्यंत तो नुसता उभा होता. तिचे पाय भरून आले आणि तिला त्याचा मनस्वी राग आला. चांगला हाडामांसाचा माणूस इतका वेळ काहीच न करता कसा उभा राहू शकतो? काहीतरी करत असता, निदान बिडी ओढत असता, तरी तिने त्याला माफ केलं असतं. ती त्याच्या आधी धावत घरी आली आणि चूल पेटवून बसली. रात्रीच्या जेवणाला पाव कापत असताना तिने विचारलंच.

"दादा, तू रोज धक्क्यावर जाऊन करतोस काय?"

"पाणी बघतो."

"जन्म गेला तुझा पाण्यावर. अजून बघायचं राहिलंय?"

"मोजण्यात गेला गं, चिमे. बघायला कुठे मिळालं."

उत्तर साधं होतं. दुसऱ्या कुणी दिलं असतं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. पण तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती. खरं बोलतानाही ती हलायची नाही, हे तिला माहीत होतं. मग या माणसाचं खरं ओळखायचं तरी कसं? तिला एकदम लाज वाटली, इतकी की तिने त्याच्या ताटात लोण्याचा मोठा गोळा घातला. लोणी त्याला आवडत नव्हतं. त्याने ते सगळं खाल्लं.

अंक जुळवायचे दिवस आले तशी ती कप्तानांच्या खोलीत गेली. खोलीभर नकाशे, काचेच्या बाटलीत एक गलबत, आणि टेबलावर पुढच्या अंकाची पानं पसरलेली. मुलांच्या पानावर एक चौकोन रिकामा होता. तिने सरळ सांगितलं की या वेळी उत्तर छापू नये. कप्तानांनी पाइप बाजूला ठेवला. शाळाशाळांतून पोरं वाट बघताहेत, क्लबात पैजा लागल्यात, मंत्र्यांच्या नातवाने तर कुणाला तरी शोधूनही ठेवलंय, असं ते समजुतीच्या सुरात सांगू लागले. ती म्हणाली, मग असं छापा की या चित्रात हेर नाही. ते हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की ती थट्टा करत नाही, आणि त्यांचा चेहरा होडीत बसल्यावर व्हायचा तसा झाला. ते उठले, दार लोटून घेतलं आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"बाई, एकदा असं छापलं ना, की लोक मागची सगळी चित्रं काढून बसतील. यात होता का, त्यात होता का. मग विधेयकाचं काय?"

"पण नाहीच आहे त्यात कुणी."

"असं कसं? महिनाभर लोक शोधताहेत." मग त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, कुणाभोवती वर्तुळ काढायचं हे मी तुम्हाला कधी सांगितलंय का? कुणीही चालेल. कुणीतरी हवा, एवढंच."

ती उठली तेव्हा त्यांनी विचारलं, बंधू बरे आहेत ना? दारापर्यंत जाईतो ती त्या प्रश्नाचा विचार करत होती. ते नेहमीच विचारायचे, सभ्य माणूस होता. पण नेहमी ते आधी तब्येतीचं विचारायचे आणि मग बंधूंचं. यांना कुणी सांगितलं? त्या दोघा माणसांनी? की त्या दोघांना यांनीच सांगितलं? की कुणीच कुणाला काही सांगितलं नव्हतं, आणि सगळे आपापल्या जागी नुसते चित्र बघत होते? तिने मागे वळून पाहिलं. कप्तान पाइप पेटवत होते आणि काडी विझत होती.

दुपारभर ती लाल शाईची दौत उघडून बसली. भिंग घेऊन एकेक माणूस बघायला लागली आणि तिच्या लक्षात आलं की त्या गर्दीत परका असा कुणी नव्हताच. हा झेंडा धरलेला, तो दूधवाला. ही छत्रीवाली, मालकीणबाई, फक्त बारीक केलेली. मालकीणबाईंवर तिचं बोट जरा रेंगाळलं, पण त्यांना तीन मुलं होती. हा बँडवाला, याची म्हातारी आई आंधळी. हा छापखान्यातला, हा रोज बसथांब्यावर तिला जागा देतो. प्रत्येकाला कुणी ना कुणी होतं, आणि ज्याला कुणी होतं त्याच्याभोवती तिचा हात वळेना. मग मागच्या रांगेत तिला घड्याळवाला सापडला. तिच्या घरासमोरच्या दुकानात दिवसभर खाली मान घालून बसणारा, डोळ्याला भिंग, लांबट नाक. ते नाक तिला इतकं आवडायचं की ते तिने खूपदा काढलं होतं. एकटा होता. कुणाशी बोलायचा नाही, कुणी त्याच्याकडे यायचं-जायचं नाही. बाहेरच पडत नाही तर त्याला ओळखणार कोण, असं तिने स्वतःला समजावलं. कुणाला काही होणार नाही, पुढच्या महिन्यात लोक विसरतील. त्याचे डोळे झेंड्याकडे होते. तिने पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिला, एक काळा दिला, आणि ते पाण्याकडे फिरवले. मग दादाची मान किंचित वर केली. मागचा अंक शेजारी ठेवून कोण ताडून बघणार, वर्तुळ दिसलं की लोक वर्तुळच बघतात. तेवढ्याने दादा झेंडा बघणारा, देशावर जीव टाकणारा, कुणाच्याही घरचा भला माणूस झाला. लाल रेघ कुठेही न थरथरता गोल फिरून जिथे सुरू झाली होती तिथे येऊन मिळाली. आपला हात इतका स्थिर आहे याचं तिला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही.

अंक निघाला आणि त्याच आठवड्यात विधेयक मंजूर झालं. मालकीणबाईंनी जिन्यात थांबून दादाच्या गुडघ्यांची चौकशी केली. दूधवाला दार वाजवून गेला. साहेबांनी दादाला परत होडीवर घेतलं, टेबलाशी बसवायची चूक कारकुनाची होती म्हणे. ती दोन सभ्य माणसं आली नाहीत. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. ती गुणगुणत भांडी घासायला लागली, आणि कित्येक दिवसांनी तिने दादाकडे बघायचं आहे म्हणून न बघता, नुसतं बघितलं. तिचा दादा होता तो. एवढंच होतं.

शनिवारी संध्याकाळी तो धक्क्यावर गेला नाही. अंक घेऊन खिडकीशी बसला, चष्मा कपाळावर चढवून मुलांचं पान डोळ्यांजवळ नेलं. ती पाठमोरी कपड्यांच्या घड्या करत होती.

"चिमे, हा तर आपला घड्याळवाला."

तिने हातातली घडी मोडली आणि परत घातली. म्हणाली, "असेल कुणी त्याच्यासारखा दिसणारा."

"नाही गं, तोच. नाक बघ की. तू काय उगीच काढलंस होय त्याला? तुम्हाला ऑफिसात सगळं आधी कळतं." दादाने पान मांडीवर ठेवलं. त्याच्या आवाजात कसलंच वैर नव्हतं, नुसता सुटका झालेल्या माणसाचा मोकळेपणा होता. मला आधीपासूनच त्याच्यात काहीतरी वाटायचं, असं तो सांगू लागला. कधी कुणाशी बोलणं नाही. घर नाही, माणूस नाही. आणि डोळा बारीक करून सारखा काचेतून बघत असतो.

तो भिंगातून घड्याळं बघतो, हे तिला माहीत होतं. सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्याला मीच तिथे बसवला, तुझ्या जागी, हे वाक्य तिच्या तोंडाशी अगदी तयार होऊन आलं होतं. दादाने ते ऐकून घेतलं असतं, आणि पुढे काय करायचं ते तोच बोलला असता, नेहमीसारखा. तिने हातातला कपडा खाली ठेवला आणि त्याच्याकडे वळली.

"बघतो म्हणजे," तिने विचारलं, "कुणाकडे बघतो रे तो?"

"ये, तूच बघ," दादा म्हणाला आणि त्याने तिला जागा करून दिली. समोरच्या दुकानात दिवा लागला होता. घड्याळवाला मान खाली घालून बसला होता. त्याला आपण दिसू नये म्हणून दोघं बहीणभाऊ पडद्याआड, जरा मागे सरकून उभे राहिले.